पैसे कापले, तिकीट नाही: नेमकं कुठे अडकलं ते असं शोधा

अमळनेरला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. दिवाळीच्या आधी, लग्नसराईत आणि सुरतेच्या गिरण्यांना सुट्ट्या लागल्या की दिवसाआड कुणीतरी मोबाइल पुढे करत येतं आणि म्हणतं, ‘भाऊ, पैसा ग्यात, तिकीट नही उनं.’ मी तिकिटं विकत नाही. माझ्या आयडीवरून दुसऱ्याला तिकीट काढून देऊन पैसे घेणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण अडकलेले पैसे शोधून द्यायला कुणाची बंदी नाही, आणि ते काम मी इतक्या वेळा केलंय की आता माणसाचा चेहरा बघून अर्धा अंदाज येतो.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं, ते आधी ठरवा.

- बँकेचा पैसे गेल्याचा एसएमएस आला, स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं, मग काहीच नाही.
- ‘बुकिंग फेल’ असं स्पष्ट दिसलं, पण पैसे गेले.
- अ‍ॅप ‘प्रोसेसिंग’ म्हणतंय, पीएनआर देत नाही. हे खासगी अ‍ॅपवर जास्त दिसतं.
- घाबरून पुन्हा काढलं आणि आता एकाच प्रवासाची दोन तिकिटं हातात आहेत.
- वेटिंग तिकीट आपोआप रद्द झालं, पैसे आले नाहीत.
- पैसे आले, पण कमी आले.

शेवटची दोन लक्षणं बहुतेक वेळा बिघाडच नसतात. त्यांचं पुढे बघू.

पहिली तपासणी: पुन्हा काढू नका, पीएनआर शोधा

याला पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात, आणि माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण इथेच सुटतात. बँकेच्या पानावरून परत येताना नेट गेलं तर तुमच्या स्क्रीनला काही कळत नाही, पण मागच्या बाजूला तिकीट निघालेलं असू शकतं. आयआरसीटीसीवरून, म्हणजे रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटाच्या सरकारी साइटवरून काढलं असेल तर ‘माय ट्रान्झॅक्शन्स’मध्ये ‘बुक्ड तिकीट हिस्टरी’ उघडा. खासगी अ‍ॅपवरून काढलं असेल तर त्याच अ‍ॅपमधली बुकिंगची यादी बघा. मग एसएमएस, मग ईमेल, ईमेलचा स्पॅमही. एसएमएस तिकीट काढताना जो नंबर भरला त्यावर जातो. जुना बंद पडलेला नंबर भरून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती माझ्याशीच वाद घालतात.

दहा आकडी पीएनआर सापडला की रेल्वेच्या चौकशीच्या १३९ नंबरवर विचारा. तिथे गाडी, तारीख आणि स्थिती कळली, तर तिकीट आहे. अ‍ॅपच्या स्क्रीनवर काहीही दिसो.

एवढा आग्रह का, तर एक किस्सा सांगतो. कॉलेजचा एक पोरगा, जळगावहून पुण्याला परीक्षेसाठी तत्काळ काढत होता. पहिल्या वेळी स्क्रीन अडकली. त्याने लगेच बहिणीच्या आयडीवरून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये तिकीट काढलं. संध्याकाळी दोन्ही कन्फर्म. कन्फर्म तत्काळ तिकीट तुम्ही रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. यादी बघायला अर्धा मिनिट लागला असता. तत्काळच्या गडबडीत तो अर्धा मिनिट फार मोठा वाटतो, हे मला मान्य आहे. तरी बघा.

दुसरी तपासणी: तुम्हीच एखादी चौकट टिचकवली होती का?

‘कन्फर्म बर्थ मिळाला तरच बुक करा’ अशी एक चौकट असते. लोक ती चांगल्या हेतूने टिचकवतात आणि विसरतात.

आता इथली खरी गंमत. ‘उपलब्ध १२’ असं दिसतं तेव्हा त्या १२ जागा तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या नसतात. तुम्ही पैसे भरता, पैसे मिळाल्याचा निरोप परत जातो, आणि त्यानंतर रेल्वेची आरक्षण यंत्रणा जागा देते. मधल्या मिनिटभरात छपरा गाडीचे १२ बर्थ कुठे जातात ते दिवाळी-छठच्या दिवसांत सुरतच्या लाइनवर राहणाऱ्याला सांगायला नको. जागा संपल्या असतील आणि चौकट टिचकवलेली असेल, तर तिकीट निघत नाही आणि पूर्ण रक्कम परत निघते. चौकट मोकळी असेल तर वेटिंगचं तिकीट निघतं.

म्हणजे ‘पैसे गेले, तिकीट नाही’ हे काही वेळा यंत्रणेने तुमचंच ऐकल्याचं लक्षण असतं. अशा वेळी तक्रार करून उपयोग नाही, परताव्याची वाट बघायची.

तिसरी तपासणी: एसएमएस नको, खातं बघा

पैसे गेल्याचा एसएमएस हमखास येतो. परत आल्याचा कधी येतो, कधी येत नाही. म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्टेटमेंट बघा किंवा पासबुक भरून आणा. दोनदा पैसे गेलेत का, त्याच दिवशी रात्री उलटे जमा झालेत का, यूपीआयमध्ये अजून ‘पेंडिंग’ दाखवतंय का, हे सगळं तिथे दिसतं.

आणि ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात बघा. धरणगावकडचे एक नाना तीन आठवडे माझ्याकडे खेपा घालत होते. त्यांचं पासबुक मी दोनदा वाचलं, काही सापडेना. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, ‘नाना, पैसे भरले कुणी?’ म्हणाले, ‘पोराने, उधन्याहून.’ परतावा पोराच्या खात्यात दुसऱ्याच आठवड्यात जमा होता, आणि पोराने तो बापाने पाठवले म्हणून खर्चूनही टाकला होता. परतावा कधीही प्रवाशाच्या नावाने येत नाही, पैसे ज्या मार्गाने गेले त्या मार्गाने येतो. त्या दिवसापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

चौथी तपासणी: पैसे नेमके कुणाला दिलेत?

इथे थोडं थांबून वाचा, कारण चुकीच्या दारात तक्रार करण्यात लोकांचे सगळ्यात जास्त दिवस वाया जातात.

‘सरकारी साइट चांगली की खासगी अ‍ॅप?’ हा प्रश्न दुकानात रोज येतो. पण आरक्षित तिकीट तयार होण्याची जागा एकच आहे: रेल्वेची आरक्षण यंत्रणा. ती ‘क्रिस’ ही रेल्वेचीच संस्था सांभाळते. स्टेशनची खिडकी तिच्याशी थेट जोडलेली. ऑनलाइन तिकिटाचं दार आयआरसीटीसीचं. ही कंपनी १९९९ मध्ये स्थापन झाली, २००२ पासून ऑनलाइन तिकीट देते, २०१९ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, पण मोठा वाटा अजून सरकारचाच आहे. खासगी अ‍ॅप या दाराबाहेर बसलेली आहेत. म्हणून तर खासगी अ‍ॅपमध्येही तुम्हाला आयआरसीटीसीचा आयडी मागतात आणि शेवटच्या पायरीला आयआरसीटीसीचाच पासवर्ड किंवा ओटीपी लागतो. खासगी अ‍ॅपकडे वेगळा कोटा नाही, जादा बर्थ नाहीत. ‘कन्फर्म होण्याची शक्यता ८० टक्के’ हा आकडाही रेल्वेचा नसून त्या अ‍ॅपचा स्वतःचा अंदाज असतो.

म्हणजे दुकान एक आणि गल्ले अनेक. फरक पडतो तो पैशाच्या वाटेत.

आयआरसीटीसीवर काढलं तर पैसे तुमच्या बँकेतून, मधल्या पेमेंट गेटवेमार्फत आयआरसीटीसीकडे जातात. खासगी अ‍ॅपवर तुम्ही पैसे देता त्या अ‍ॅपला, आणि ते पुढे आयआरसीटीसीला देतं. परत येतानाही तेच: आयआरसीटीसी अ‍ॅपला परत देते, अ‍ॅप तुम्हाला. एक हात वाढला की एक थांबा वाढला, पॅसेंजर गाडीसारखं.

म्हणून यूपीआयच्या इतिहासात जाऊन पैसे कुणाच्या नावावर गेलेत ते वाचा. नाव खासगी अ‍ॅपचं असेल तर तक्रार त्या अ‍ॅपकडेच. आयआरसीटीसीला फोन लावाल तर ते तुम्हाला एजंटाकडे, म्हणजे त्या अ‍ॅपकडेच जायला सांगतील, आणि त्यांचं बरोबर आहे. असं तिकीट रद्द करायचं किंवा टीडीआर (परतावा मागायचा ऑनलाइन अर्ज) भरायचा तरी तो त्याच अ‍ॅपमधून.

खासगी अ‍ॅपच्या बाजूनेही एक सांगतो, नाहीतर मी सरकारी माणूस वाटेन. गाड्या शोधायला, दोन स्टेशनं मागेपुढे करून जागा बघायला ती फार सोयीची. काही अ‍ॅप तर अडकलेले पैसे बँकेच्या आधी स्वतःच्या खिशातून देऊन टाकतात. पण वर स्वतःचं सेवाशुल्क घेतात, आणि ‘फ्री कॅन्सलेशन’सारखी विकतची सोय आधीच टिचकवून ठेवलेली असते. माझी स्वतःची रीत अशी की शोधायचं तिकडे, काढायचं इकडे.

पाचवी तपासणी: कमी आलेत? आधी हिशेब

आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क एका तिकिटाला लागतं, माणशी नाही. यूपीआयने भरलं तर बिगर-एसीला १० रुपये, एसीला २०. बाकी मार्गांनी १५ आणि ३०. वर १८ टक्के जीएसटी. तिकीट निघालंच नसेल तर हे शुल्कसुद्धा परत मिळायला हवं. पण तिकीट निघून नंतर रद्द झालं असेल तर ते परत मिळत नाही.

वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यात स्लीपरचे माणशी ६० रुपये कापले जातात. दोघांचं स्लीपर तिकीट, यूपीआयने भरलेलं: १२० अधिक ११ रुपये ८० पैसे, म्हणजे १३१ रुपये ८० पैसे कमी येणार. खासगी अ‍ॅप असेल तर त्यांचं शुल्कही गेलं. आकडा जुळला की विषय संपला. यासाठी जळगावची खेप करू नका.

सहावी तपासणी: घड्याळ कुठलं लागू आहे?

आता खरोखर अडकलेले पैसे. इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि लोक त्या एक समजतात.

पहिली: तुमच्या खात्यातून गेले, पण पुढच्याला मिळाल्याचा निरोपच पोचला नाही. यावर रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. यूपीआयने किंवा कार्डाने असं झालं तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत पैसे आपोआप उलटे यायला हवेत. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, रविवार धरून. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. हे ऐकलं की बँकेतल्या काउंटरपलीकडचा माणूस ताठ बसतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी: पैसे पुढे पोचले, पण तिकीट निघालं नाही. मग वरचं घड्याळ लागू नाही. परतावा ज्याने पैसे घेतले त्याने पाठवायचा असतो. आयआरसीटीसीवर ‘फेल्ड ट्रान्झॅक्शन हिस्टरी’त तो व्यवहार दिसतो, आणि ‘रिफंड हिस्टरी’त परतावा निघाला का तेही. माझ्यासमोरचे बहुतेक परतावे तीन ते सात कामाच्या दिवसांत आलेत. नेट बँकिंगचे सगळ्यात रेंगाळतात.

तुमची कुठली, ते असं ओळखा. व्यवहार ‘फेल्ड’च्या यादीत असेल तर दुसरी. कुठल्याच यादीत नसेल, पण बँकेत पैसे गेलेले दिसत असतील, तर बहुधा पहिली.

तक्रारीआधी एका कागदावर लिहा: तारीख, वेळ, रक्कम, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, आणि आयआरसीटीसीचा किंवा अ‍ॅपचा ट्रान्झॅक्शन आयडी. स्क्रीनशॉट काढून ठेवा, आठवड्याने ते पान सापडत नाही. आयआरसीटीसीसाठी १४६४६. खासगी अ‍ॅपसाठी अ‍ॅपमधलीच मदत, तीही लेखी. ‘आमच्याकडे पैसे आले नाहीत’ असं त्यांनी लिहून दिलं तर तो निरोप घेऊन बँकेत जा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. नुसतं ‘बघतो’ म्हणाले तर ती तक्रार नव्हे.

इथे थांबा, आणि दुसऱ्याला बोलवा

बँकेत लेखी तक्रार देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा दिलेलं उत्तर पटण्यासारखं नाही, तर मी पुढे काही करत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. ऑनलाइन तक्रार फुकट होते, माहितीसाठी १४४४८. वकील लागत नाही.

तिकीट एजंटाने काढून दिलं असेल आणि पावती देत नसेल, किंवा तिकिटावर कुण्या तिसऱ्याच्याच आयडीचे तपशील असतील, तर तेही माझ्या आवाक्याबाहेरचं. स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाच्या ठाण्यात जा. असं तिकीट प्रवासाआधी रद्दही होऊ शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं थांबणं: ‘रिफंड देतो, लिंक उघडा’, ‘स्क्रीन शेअर करा’, ‘ओटीपी सांगा’, ‘पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील’ असा फोन आला तर तो तिथल्या तिथे ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. असे फोन येतात कुठून? आपणच रागाच्या भरात सोशल मीडियावर पीएनआर आणि मोबाइल नंबर टाकून तक्रार करतो, आणि चोर ती वाचत बसलेले असतात. पारोळ्याच्या एका ताईंचे ७४० रुपये अडकले होते, ते सोडवायच्या नादात अठरा हजार गेले. त्या माझ्याकडे चौथ्या दिवशी आल्या. असं झालं तर माझ्याकडे नको, आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरला फोन लावा. जितक्या लवकर लावाल तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

पुन्हा होऊ नये म्हणून, थोडक्यात

आयडीचं आधार पडताळणीचं काम आधीच उरकून ठेवा. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला ते लागतंच, आणि आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर सुरतेला पोराच्या खिशात असेल तर अकराच्या ठोक्याला तुम्ही काय करणार? आयआरसीटीसीच्या ई-वॉलेटमध्ये पैसे आधी टाकून ठेवले की मधली बँकेची फेरीच वाचते. त्यांच्या आय-पे या पैसे भरायच्या पर्यायात ऑटोपे नावाची सोय आहे, तिच्यात रक्कम नुसती अडवून ठेवली जाते आणि पीएनआर निघाल्यावरच कापली जाते. तत्काळसाठी मला ती सगळ्यात बरी वाटते. रात्री पावणेबारानंतर साधारण अर्धा-पाऊण तास आरक्षण बंद असतं, त्या सुमाराला पैसे भरायच्या भानगडीत पडू नका.

आणि जळगाव, भुसावळ किंवा नंदुरबारची खिडकी जवळ असेल, तर घाई नसताना तिथून काढलेलं तिकीट यातल्या बऱ्याच भानगडींतून सुटतं. सुविधा शुल्कही नाही. फक्त खिडकीचं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटायच्या निदान अर्धा तास आधी ते स्वतः रद्द करावं लागतं, नाहीतर ते पैसे गेले, आणि ते मलाही शोधून देता येत नाहीत.